शुक्रवारी अडणारा कॉम्प्युटर

आमच्या मामंजींना सगळं कळतं. हे माझं मत नाही, त्यांचं आहे, आणि ते दिवसातून इतक्या वेळा बोलून दाखवतात की घरात आता कुणी त्यावर वाद घालत नाही. मामंजी म्हणजे माझे सासरे, प्राणेशराव. वय एकाहत्तर. पांढरी वेष्टी, म्हणजे इकडचं धोतर, बिनबाह्यांचं बनियन, कपाळावर गोपीचंदन, आणि बनियनला खिसा नसल्यामुळे पेन कायम कानावर. चौतीस वर्षं टेलिफोन खात्यात नोकरी केली, त्यातली शेवटची बावीस पापनाशमच्या एक्स्चेंजमध्ये. तंजावूरहून सकाळच्या गाडीनं जायचं, संध्याकाळी परत यायचं. त्या बावीस वर्षांत पापनाशममध्ये एकही फोन बंद पडला नाही, असं ते सांगतात. तिथल्या लोकांचं म्हणणं वेगळं असू शकेल, पण त्यांना आमच्या घरी कोण विचारतं?

मी सोलापूरची. चार वर्षांपूर्वी लग्न होऊन इथे, राजवाड्यामागच्या गल्लीत आले. "तिथंही मराठीच बोलतात, तुला काही जड जाणार नाही," असं माहेरी सगळ्यांनी समजावलं होतं. बोलतात, अगदी खरं आहे. माझ्या सासरची माणसं साडेतीनशे वर्षांपूर्वी घेऊन आलेलं मराठी तमिळच्या चालीवर बोलतात आणि माझं ऐकून एकमेकांकडे बघतात. पहिल्याच महिन्यात मामंजींनी अगदी मायेनं विचारलं होतं, "तुझे मराठी असे कशानें बिघडले गे?" मी नवी नवरी. वाढलेला रसमभात खाली मान घालून संपवला.

एक्स्चेंज सुटलं तरी तिथल्या सवयी मामंजींना सुटल्या नाहीत. त्यातली मुख्य सवय म्हणजे फॉल्ट रजिस्टर. लांबलचक वही, पट्टीनं आखलेले रकाने: तारीख, वेळ, तक्रार, कारण, इलाज, सही. घरातल्या मिक्सरचं एक रजिस्टर आहे, मोटारपंपाचं एक आहे. त्याचे नियमही एक्स्चेंजचेच. रजिस्टरात खाडाखोड करायची नाही. चूक झाली तर एकच सरळ रेघ मारायची आणि शेजारी सही करायची. आणि तक्रार कुणीही लिहिलेली असो, अगदी झाडूवाल्यानं लिहिली तरी, चोवीस तासांत तिची दखल घ्यायची. ही सगळी रजिस्टरं मराठीत आहेत, पण तमिळ अक्षरांत. देवनागरी घरात मला एकटीला वाचता येते, आणि मला एकटीला वाचता यावं असं या घरात कुणी काही लिहीत नाही.

सगळ्यात जाड रजिस्टर कॉम्प्युटरचं. आमचा कॉम्प्युटर हॉलच्या ईशान्य कोपऱ्यात, देवांच्या कपाटाला लागून बसवलेला आहे, कारण विद्या म्हणजे सरस्वती आणि सरस्वतीला स्वयंपाकघराजवळ ठेवणं मामंजींना मंजूर नव्हतं. पडद्याच्या चौकटीला चंदनाचे तीन ठिपके, त्यावर कुंकू. सीपीयूच्या डब्याला जुन्या रेशमी साडीचे काठ लावून शिवलेली झूल. आणि डब्याच्या मागच्या स्क्रूवर कागदाची पट्टी चिकटवून तिच्यावर मामंजींची सही, म्हणजे त्यांच्या परवानगीशिवाय कुणी डबा उघडायचा नाही. बँकेच्या तिजोरीला एवढा बंदोबस्त नसेल, असं माझा नवरा श्रीकर म्हणतो, आणि तो बँकेतच आहे.

एवढ्या मानपानात राहणारा हा कॉम्प्युटर गेली तीन वर्षं अधूनमधून अडतो. कधी आहे त्या चित्रावर थिजून बसतो, माउस हलत नाही, काही नाही. कधी निळा पडदा दाखवतो आणि आपला आपण बंद होतो. मामंजींनी त्याच्यावर केलेले उपाय सांगायचे तर जीव दमेल. आधी व्हायरस ठरला. त्यावर त्यांनी व्हायरस मारणारे तीन प्रोग्रॅम एकदम बसवले, ते तिघं एकमेकांनाच व्हायरस समजले. मग विंडोज नव्यानं घातलं, त्यात माझ्या लग्नाचे फोटो गेले. आता माझं लग्न सीमांतपूजनापर्यंतच झालेलं आहे. मग रॅम बाहेर काढून पेन्सिलीच्या खोडरबरानं घासली आणि परत बसवली. मग वोल्टेज. वोल्टेजसाठी एक स्टॅबिलायझर आला, तो घूं घूं करतो म्हणून त्याच्यासाठी वेगळं रजिस्टर झालं. शेवटी दृष्ट लागली असेल म्हणून पडद्याला लिंबू-मिरच्या टांगल्या. विज्ञानाच्या माणसानं कुठलीही शक्यता सोडू नये, असं वर मलाच ऐकवलं.

एकदा श्रीकरनं जुन्या बसस्टँडजवळच्या सतीशकुमारला बोलावलं. त्याचं कॉम्प्युटर दुरुस्तीचं दुकान आहे, वीस वर्षं तो हेच काम करतो. मामंजींनी त्याला समोर बसवून ताक दिलं आणि त्याची तोंडी परीक्षा घेतली. ट्रंक कॉल म्हणजे काय, हे त्याला सांगता आलं नाही. ताक संपलं, परीक्षा संपली, आणि सतीशकुमार डब्याला हात न लावता घरी गेला. रजिस्टरात त्या दिवशी इलाजाच्या रकान्यात लिहिलं गेलं: "मेकॅनिक आला. ज्ञान कमी."

हे सगळं मी हसण्यावारी नेलं असतं. कॉम्प्युटर अडला तर अडला, त्याच्यावर मामंजी फार तर पंचांग बघतात आणि जुन्या सहकाऱ्यांना सुप्रभाताचे फुलांचे फोटो पाठवतात. पण या वर्षी त्याच्यावर आत्याबाईंचं काहीतरी अडलं होतं.

आत्याबाई म्हणजे माझ्या सासूबाई, राजलक्ष्मी. ओरत्तनाडूच्या मुलींच्या शाळेत एकोणतीस वर्षं गणित शिकवलं, रोज बसनं जाऊन-येऊन. अजूनही बाजारात एखादी धिप्पाड बाई भाजीची पिशवी खाली ठेवून वाकून नमस्कार करते आणि आत्याबाई विचारतात, "अपूर्णांक येतात की आतां?" निवृत्त होऊन आठ वर्षं झाली. आठ वर्षं त्या स्वयंपाकघर आणि हॉल यांच्यामध्ये फिरतायत आणि मामंजींचं सगळं ऐकून घेतायत. एकदा इडलीचं पीठ कालवताना मला म्हणाल्या, "वर्गांत मी उभी ऱ्हायली की चाळीस पोरी गप्प होत होत्या गे. आतां मी बोलतें तेव्हां टीव्हीचा आवाज देखील कोणी कमी करत नाही. घरांत बसून बसून मी लहान होत चाललें." मी उठून टीव्ही बंद केला, आणि मामंजींची बोलणी खाल्ली.

तर या आत्याबाईंना कोइमतूरच्या एका संस्थेनं मुलांना ऑनलाइन गणित शिकवायला बोलावलं. अट एवढीच की आधी एक वर्ग घेऊन दाखवायचा, कॉम्प्युटरवर, लिहायच्या पॅडसकट. फोनवर चालणार नाही. चाचणीचे वर्ग शुक्रवारी अकराला. श्रीकरचा लॅपटॉप बँकेचा, तो बँकेत जातो आणि बँकेशिवाय दुसरं काही उघडत नाही. म्हणजे राहिला सरस्वतीचा कॉम्प्युटर.

पहिल्या वर्गात आत्याबाई बोट वर करून "छेद सारखा केल्याशिवाय..." एवढं तमिळमध्ये म्हणाल्या आणि पडदा थिजला. पलीकडे त्यांचं उघडं तोंड आणि उगारलेलं बोट अकरा मिनिटं तसंच दिसत होतं. मुलांना वाटलं बाई चिडल्या, ती बिचारी अकरा मिनिटं हाताची घडी घालून बसली. दुसऱ्या वेळी "आता नीट लक्ष द्या" म्हणायला आणि निळा पडदा यायला एकच गाठ पडली. दोन्ही वेळा मामंजींनी कानावरचं पेन काढून रजिस्टरात नोंद केली. कारण: "राजलक्ष्मी. पॅडवर जोर देऊन लिहिते."

मग संस्थेच्या नित्या मॅडमचा फोन आला. फार गोड बोलल्या. आणखी एकदा बघू या, पुढच्या शुक्रवारी, पण आता ही तिसरी आणि शेवटची वेळ. नाही जमलं तर पुढच्या वर्षी. आत्याबाई सदुसष्टाव्या वर्षात आहेत. फोन ठेवल्यावर त्या बराच वेळ कोथिंबीर निवडत बसल्या, निवडलेली कोथिंबीर परत निवडत.

आता शुक्रवारचं सांगायला हवं. आमच्याकडे दर शुक्रवारी घरभर सांब्राणी फिरवतात, म्हणजे आपल्याकडचा ऊद. पितळी धुपाटण्यात नारळाच्या करवंटीचे निखारे, त्यावर सांब्राणीची पूड, आणि मग असा पांढरा धूर की समोरचं माणूस शोधावं लागतं. हे काम मामंजींचं, दुसऱ्या कुणी करायचं नाही. एक्स्चेंजमध्येही दर शुक्रवारी यंत्रांसमोर सांब्राणी तेच करायचे. इथेही त्यांचा क्रम ठरलेला आहे. दहा वाजता कॉम्प्युटर चालू करायचा, कारण झोपलेल्या यंत्राला धूप दाखवत नाहीत. धूर पळू नये म्हणून खिडक्या लावायच्या, पंखा बंद करायचा. डब्याला मोगऱ्याचा भरगच्च हार घालायचा. धुपाटणं तीनदा ओवाळून टेबलाखाली, डब्याला टेकवून ठेवायचं, ते विझेपर्यंत. आणि हा सगळा सोहळा आडी, म्हणजे तमिळ आषाढात, दुप्पट, कारण आडीतले शुक्रवार देवीचे. नित्या मॅडमनी दिलेला शुक्रवार आडीतलाच होता.

आता कुणी म्हणेल, बाई, तुमच्या नाकासमोर सगळं होतं की. होतं. पण चार वर्षं दर शुक्रवारी बघितलेली गोष्ट माणूस बघतच नाही. मी ते रजिस्टर उघडलं ते काही कॉम्प्युटरच्या काळजीनं नव्हे. माझ्या नावावर किती गुन्हे चढलेत ते मला मोजायचं होतं. मंगळवारी दुपारी मामंजी झोपल्यावर मी वही घेऊन बसले. बसच्या पाट्या वाचून वाचून मला तमिळ अक्षरं लागतात, बोट ठेवून, पहिलीतल्या पोरासारखी. "सून. माउस उलटा धरला." "सून. डावखुरी." "सून. सोलापूरहून पेन ड्राइव्ह आणला." अकरा वेळा मी होते. आत्याबाई एकोणीस वेळा. उरलेल्या जागी व्हायरस, विंडोज आणि वोल्टेज.

संताप आला. त्या संतापात मी तारखा वाचत गेले आणि फोनमधलं कॅलेंडर काढून वार लावत बसले. मामंजींचं रजिस्टर पक्कं आहे हो, तारीख नाही चुकायची. त्र्याऐंशी नोंदी. त्यातल्या अठ्ठावन्न शुक्रवारच्या, आणि वेळ दहा ते बारा. चौदा मार्गळी महिन्यातल्या, म्हणजे तमिळ मार्गशीर्षातल्या, तेव्हा सांब्राणी रोज असते. सहा अमावास्येच्या, तेव्हाही असते. राहिलेल्या पाच भर उन्हाळ्यातल्या. ज्या माणसानं तीन वर्षं हा पुरावा स्वतःच्या सुवाच्य अक्षरात गोळा केला, त्याला तो एकदाही दिसला नव्हता.

मी वही घेऊन गच्चीवर पळाले. आत्याबाई कापडावर वडाम घालत होत्या, तांदळाच्या पिठाचे सांडगे, उन्हात. मी एका दमात सगळं सांगितलं. त्यांनी पिठाचा हात थांबवला नाही.

"मज ठाऊक आहे गे," म्हणाल्या.

"काय ठाऊक आहे?"

"तो धूर आंत ओढला जातो म्हणून. मी पाहिली आहे की. त्या डब्याच्या जाळींतून सरसर आंत जातो. तीन वर्षें झालीं. एकदां सांगितलें देखील. तूं तुझे अपूर्णांक पाहा म्हणाले."

"मग परत का नाही सांगितलं? तुमचा वर्ग आहे शुक्रवारी!"

आत्याबाईंनी वडामची ओळ पुरी केली आणि मग सांगितलं. मामंजी निवृत्त झाले त्याच वर्षी त्यांचं एक्स्चेंज बंद झालं. यंत्रं भंगारात गेली. शेवटच्या दिवशी जो तो काही ना काही आठवण घरी घेऊन गेला, कुणी घड्याळ, कुणी खुर्ची. मामंजींनी धुपाटणं आणलं. ते दुसऱ्या कुणालाच नको होतं. आठवडाभर ते मांडीवर घेऊन दारापुढच्या ओट्यावर बसायचे, मग ते माळ्यावर गेलं. कितीतरी वर्षांनी हा कॉम्प्युटर घरी आला आणि पहिल्याच शुक्रवारी ते धुपाटणं बाहेर निघालं. "त्या दिवशीं किती वर्षांनी जेवण मागून घेतलें त्यांनी," आत्याबाई म्हणाल्या. "तेवढें एक उरलें आहे त्यांचें. तूं कांही बोलूं नको, अम्मा. माझें काय, पुढच्या वर्षी पाहूं."

मला दोघांचाही राग आला, सरळच सांगते. ज्याला सगळं कळतं त्याला हे कळू नये, आणि जिला खरोखर कळतं तिनं तोंड शिवून वडाम घालत बसावं! माझे डोळे भरले होते आणि हातात दुसऱ्याचं रजिस्टर होतं. आत्याबाई मला बोलू नको म्हणाल्या होत्या. लिहू नको म्हणाल्या नव्हत्या.

बुधवारी दुपारी मी पट्टी घेतली आणि रकान्यांत, माझ्या वेड्यावाकड्या तमिळ अक्षरांत, नोंद केली. तक्रार: कॉम्प्युटर अडतो, त्र्याऐंशीपैकी अठ्ठावन्न वेळा शुक्रवारी दहानंतर. कारण: खिडक्या बंद, पंखा बंद, डब्याच्या जाळीवर हार, खाली निखारे, धूर आत. इलाजाचा रकाना मोकळा सोडला. खाली सही ठोकली.

साडेतीनला मामंजी उठले, कॉफी प्यायले आणि रजिस्टर उघडलं. वाचलं. परत वाचलं. पेन कानावरून काढलं, परत ठेवलं.

"हे कोणी लिहिलें?"

"सही आहे की खाली," मी म्हटलं.

"अक्षर फार वाईट आहे," म्हणाले, आणि रजिस्टर घेऊन ओट्यावर गेले. तासभर पानं उलटत होते. एकदा आत येऊन भिंतीवरचं तारखांचं कॅलेंडर काढून घेऊन गेले. आत्याबाई स्वयंपाकघराच्या दारातून माझ्याकडे अशा बघत होत्या की मी जणू घराला आग लावली होती. मामंजी नियमाचे पक्के नसते तर ती लागलीही असती. पण नोंद रजिस्टरात होती, आणि चोवीस तासांतले तीन संपले होते.

दिवेलागणीच्या आधी त्यांनी स्वतःच्या सहीची पट्टी फाडली आणि अडीच वर्षांपूर्वी रॅम घासली त्यानंतर पहिल्यांदाच डबा उघडला. आतल्या पंख्याच्या पात्यांवर तपकिरी चिकट थर होता, त्यावर धूळ बसून त्याचा जाड कांबळ्यासारखा पट्टा झालेला, आणि त्याखाली प्रोसेसर थंड ठेवणाऱ्या पत्र्याच्या फटी पार बुजलेल्या. मामंजींनी नखानं थोडं खरवडलं आणि नाकाशी नेलं. वास घ्यायची गरज नव्हती. बुधवार होता, निखारे पेटलेले नव्हते, तरी हॉलभर सांब्राणी दरवळत होती.

मग कुणाकडे न बघता म्हणाले, "एक्स्चेंजांत मध्यें काच होती. धूर अलीकडे, यंत्र पलीकडे." बावीस वर्षांच्या गोष्टी ऐकल्या होत्या आम्ही, पण ही काच आज पहिल्यांदा ऐकली. मी काही टोमणा मारू शकले असते. तयारही होता. गिळला.

गुरुवारी सकाळी त्यांनी स्वतः सतीशकुमारला फोन केला. तो ब्लोअर आणि कसलीशी पांढरी पेस्ट घेऊन आला, तासाभरात सगळं साफ करून पत्रा नव्या पेस्टवर बसवून गेला. मामंजी अख्खा वेळ शेजारी उभे राहून टॉर्च धरत होते. तो निघताना त्यांनी विचारलं, असं इतर घरांत असतं का? "पुष्कळ घरांत असतं सर," सतीशकुमार म्हणाला. तो इतकं छान खोटं बोलतो हे मला माहीत नव्हतं. या वेळी त्याला ताक नाही, कॉफी मिळाली.

डबा साफ झाला, पण शुक्रवार यायचाच होता. मामंजी शुक्रवारी काय करणार हे कुणी विचारलं नाही आणि त्यांनी सांगितलं नाही. पंखा आणि खिडक्या बंद करून पुन्हा तेच निखारे खाली ठेवले, तर अकरा वाजता काय होईल हे आता घरात सगळ्यांनाच ठाऊक होतं.

शुक्रवारी साडेदहाला आत्याबाई कॉम्प्युटरसमोर बसल्या. शाळेची निळी सुती साडी, मनगटावर घड्याळ, समोर पॅड. खिडक्या अजून उघड्या होत्या, पंखा फिरत होता. परसात करवंटी तडतडल्याचा आवाज आला आणि मामंजी धुपाटणं घेऊन हॉलमध्ये आले, दुसऱ्या हातात मोगऱ्याचा हार. पाय सवयीनं थेट टेबलापर्यंत गेले. तिथे थांबले. आत्याबाईंनी वर बघितलं.

"तुम्हीं धूप दाखवा की," आत्याबाई म्हणाल्या. "मी थांबतें."

म्हणजे इतकं होऊनही ही बाई थांबायला तयार होती! मला ओरडावंसं वाटलं. मामंजी त्यांच्याकडे बघत राहिले, निखाऱ्यांकडे बघितलं, परत त्यांच्याकडे बघितलं. मग वळले आणि चप्पलही न घालता दाराबाहेर पडले.

मी मागोमाग उंबऱ्यापर्यंत गेले. आमच्या गल्लीच्या तोंडाशी टेलिफोन खात्याची जुनी लोखंडी पेटी उभी आहे. दार कधीच गेलंय, आतून कापलेल्या तारांचे झुपके लोंबतात, वरून कुठल्यातरी ट्युशन क्लासची आणि पाइल्सच्या डॉक्टरची जाहिरात चिकटवलेली. मामंजींनी तिला हार घातला. धुपाटणं तीनदा ओवाळलं, सावकाश, कोपऱ्यांपर्यंत धूर जाईल असं. स्कूटरवरून जाणारा एक माणूस देव कुठला ते न बघताच हात जोडून गेला. मला एरवी हसू आवरलं नसतं. त्या दिवशी आलंच नाही.

आत अकरा वाजले होते. "छेद सारखा केल्याशिवाय," आत्याबाईंचा आवाज आला, आणि या वेळी वाक्य पुरं झालं. मग दुसरं. मग एका मुलाला झाप मिळाली, इतकी खणखणीत की समोरच्या घरातली बाई खिडकीत आली. मामंजी येऊन ओट्याच्या पायरीवर बसले, विझत आलेलं धुपाटणं मांडीवर. चाळीस मिनिटं ते हलले नाहीत. समोरून जाणाऱ्या भाजीवाल्याला त्यांनी तोंडावर बोट ठेवून गप्प केलं.

वर्ग संपला. आत्याबाई बाहेर आल्या, उभ्या राहिल्या आणि म्हणाल्या, "सोमवारपासून."

"सरी," मामंजी म्हणाले, म्हणजे बरं. जरा वेळानं म्हणाले, "आज वोल्टेज बरें होतें."

दुपारी ते झोपल्यावर मी रजिस्टर उघडलं. माझ्या नोंदीपुढचा मोकळा रकाना भरला होता: "सांब्राणी गल्लीच्या तोंडावर." सही, तारीख. तेवढंच असेल असं वाटून मी वही मिटत होते, तेव्हा मागच्या पानावर ताजी शाई दिसली. पानं उलटत गेले. जिथे जिथे कारणाच्या रकान्यात "राजलक्ष्मी" होतं, तिथे त्या नावावरून एकच सरळ रेघ, शेजारी "प्राणेशराव", आणि त्याच्या शेजारी सही. एकोणीस ठिकाणी. नियमाप्रमाणे, खाडाखोड न करता.

मी वही आत्याबाईंच्या हातात दिली. पेपर तपासताना ठेवतात तसं प्रत्येक ओळीवर बोट ठेवत त्या शेवटपर्यंत गेल्या. चष्मा काढून पदरानं पुसला, घातला, आणि पुन्हा पहिल्या पानापासून सुरुवात केली.

माझ्या नावाच्या अकरा नोंदी मात्र जशाच्या तशा होत्या. कॉफीच्या वेळी मी धीर करून विचारलंच, मामंजी, माझ्या तेवढ्या राहिल्या वाटतं?

मामंजींनी पेला खाली ठेवला आणि कानावरचं पेन चाचपलं.

"त्या अजून तपासांत आहेत," म्हणाले.